दारातल्या पेरूची गोडी

फळं चाखायची नोकरी होती माझी. असं सांगितलं की लोक हसतात. म्हणतात, "आप्पा, पगार घेऊन पेरू खाल्ले की तुमी!" खाल्ले. पेरू खाल्ले, बोरं खाल्ली, डाळिंबं, सीताफळं खाल्ली. त्यातली निम्मी थुंकली. चांगलं फळ खायला नोकर ठेवावा लागत नाही. तुरट, पाणचट, दातात कचकचणारं असलं फळ तोंडात धरून नीट विचार करायला माणूस लागतो. तो मी होतो.

दिवाळी अंकवाल्यांनी सांगितलं, नोकरीतल्या गमती लिहा. गमती होत्या, दोनतीन लिहितो. पण सध्या माझ्या डोक्यातून जे जात नाही ती गंमत नाही. तेही लिहितो. मी सातवी नापास माणूस आहे. सजवून लिहिता येत नाही. कलम बांधता येतं.

सोलापूरच्या बाहेर माळावर फळझाडांवर संशोधन करायची एक बाग होती. तिथं मी रोजंदारीवर लागलो, पुढं कायम झालो अन् माळी म्हणून निवृत्त झालो. झाडं वाढवायची, कलमं बांधायची, फळं उतरवायची, तोलायची, चिरायची अन् चाखायची. चाखायला वेगळी खोली होती. स्टीलच्या ताटल्यांत फोडी मांडलेल्या असायच्या. कुठल्या झाडाची फोड ते सांगत नसत, ताटलीवर फक्त आकडा. दोन फोडींच्या मध्ये थोडे चुरमुरे खायचे अन् पाण्यानं चूळ भरायची. बोलायचं नाही, शेजाऱ्याच्या तोंडाकडं बघायचं नाही. साहेब, कारकून, ड्रायव्हर अन् आम्ही मजूर, सगळे एका बाकावर. तंबाखू खाणारा त्या बाकावर चालत नसे, म्हणून मी तंबाखू सोडली. माझी बायको गिरजा त्यासाठी नवस करून दमली होती. तिचं काम पेरूनं केलं.

गिरजाही तिथंच खुरपायला होती. एकदा बाकावर माणूस कमी पडलं म्हणून साहेबांनी तिला बसवलं. पहिली फोड तोंडात घातली अन् बाई बोललीच, "ह्यो पेरू न्हाय, खोबरं हाय. त्येबी खवाट." साहेब हसू दाबत म्हणाले, "बाई, बोलायचं नसतं." दुसऱ्या फोडीला हिनं तोंड वाकडं केलं अन् म्हणाली, "बोलत न्हाय. पर ह्यो शेळीला घाला." तिला परत बसवलं नाही. घरी येताना मला विचारती, "आवं, असलं खायाचा पगार देत्यात व्हय? मंग सासूच्या हातचं एवढी वर्सं खाल्लं, त्येचा मला किती झाला?"

आता धंद्यातली मुख्य गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं समजेल.

पेरूचं बी लावलं तर येणारं झाड आईवर जाईल असं नाही. एकाच पेरूच्या बिया टाका. एक झाड गोड निघेल, एक तुरट, एकात बियाच बिया, एक आतून पांढरं, एक गुलाबी. एकाच घरातली पोरं तरी कुठं सारखी असतात? म्हणून साहेब लोक गावोगाव हिंडतात. कुणाच्या दारात, कुणाच्या बांधावर बी पडून आलेलं एखादं झाड सगळ्यांच्यात उजवं निघतं. ते हुडकायचं, त्याच्या काड्या आणायच्या अन् कलमं बांधायची. पेरूला आम्ही पाचर कलम करायचो. काडी खालून पाचरीसारखी तासायची, रोपाच्या चिरलेल्या खुंटात बसवायची अन् वरून पट्टी गुंडाळायची. कलम म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, त्यामुळं गुण बदलत नाही. झाड खरंच चांगलं निघालं तर त्याची हजारो कलमं होतात. त्याला नाव मिळतं. ते नाव रोपवाटिकेच्या पाटीवर लागतं अन् शेतकरी ते नाव घेऊन रोपं मागतो.

पण ह्यात फसगत फार. झाड चांगलं दिसतं ते एक तर अंगच्या गुणानं, नाहीतर जागेच्या. उकिरड्याशेजारचं झाड जोमदार असणारच. शेंड्यावरचं, उन्हातलं फळ आतल्या सावलीतल्या फळापेक्षा गोड असणारच. म्हणून आम्ही फळं झाडाच्या चारी अंगांनी काढायचो. तरीही अंगचा गुण का जागेचा, हे नुसतं झाडाकडं बघून कळत नाही. त्याला एकच कसोटी. काड्या आणायच्या, बागेत बांधायच्या, सगळ्यांना माती एक, पाणी एक. अन् फळ यायची वाट बघायची. गुण अंगचा असेल तर तो बागेतही दिसतो. जागेचा असेल तर तो तिथंच राहतो, काडीबरोबर येत नाही.

श्रीपूरला कारखान्याच्या वसाहतीत एकाच्या दारी नारळाएवढे पेरू लागायचे. आम्ही मोठ्या हौसेनं काड्या आणल्या. बागेत लिंबाएवढे लागले. तो गडी झाडाच्या बुडात साखर कारखान्याची मळी टाकत होता. मळी खाल्ली की पेरूच काय, खांबही फुगेल.

केम गावाकडचे एक तात्या होते. त्यांनी दोन वेळा नमुना आणला, दोन्ही वेळा साहेबांनी नाही म्हटलं. तिसऱ्या वेळी पिशवी घेऊन रेल्वेनं आले. पिशवी टेबलावर ठेवली तर तिच्यातून मुंग्यांची रांग निघाली.

मी म्हटलं, "तात्या, मुंग्या लागल्यात."

"गोड हाय म्हनून लागल्यात की! तुमच्या साहेबापरीस मुंगीला जास्त कळतं."

साहेबांकडं एक नळकांडं होतं. त्याच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडं बघितलं की गोडीचा आकडा दिसतो. साहेबांनी बघितलं. काच पुसली, परत बघितलं. मग पेरू हातात घेऊन फिरवला. सालीवर सुईनं टोचल्याची बारीक बारीक भोकं.

साहेब म्हणाले, "तात्या, पाक साखरेचा का गुळाचा?"

तात्या म्हणाले, "गुळाचा. साखर बाधती."

आम्ही पोट धरून हसलो. तात्याही हसले. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "थोरल्या भावाचं झाड हाय ते. भाऊ न्हाय राहिला. त्येच्या नावानं कायतर व्हावं म्हनून केलं." ते मी तेव्हा हसण्यावारीच नेलं.

दुसऱ्या एक बाई होत्या शुक्रवार पेठेतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. त्यांच्या परसात पेरूचं एक झाड होतं, त्यांच्या वडिलांनी लावलेलं. फळ उत्तम. काड्या आणल्या, कलमं केली, तीन वर्षं सांभाळली. फळ आलं ते बाजारात कुणी हात लावणार नाही असं. निकाल सांगायला साहेबांनी मला पाठवलं, कारण साहेबांना असली कामं आवडायची नाहीत.

बाईंनी चहा दिला अन् विचारलं, "मग नाव कधी लागणार वडिलांचं?"

मी म्हटलं, "न्हाय लागायचं. कलमांना गोडी न्हाय उतरली."

"म्हणजे? माझ्या झाडात काहीच गुण नाही?"

"हाय की. गुन तुमच्या मोरीचा हाय. न्हाणीचं पानी बुडात जातंय, भांड्याची राख जाती. झाडाचं त्यात काय न्हाय."

बाई उठून आत गेल्या. परत बाहेर आल्या नाहीत. मी चहा संपवला, कप उंबऱ्याजवळ ठेवला अन् निघालो. ऑफिसात 'गुण मोरीचा' हे बरेच दिवस चाललं. साहेबसुद्धा म्हणायचे. घरी सांगितलं तर गिरजा हसली नाही. म्हणाली, "म्हातारीच्या तोंडावर असं बोलत्यात व्हय? जरा गोल गोल सांगायचं." मी म्हटलं, खोटं काय बोललो? ती म्हणाली, "खोटं न्हाय. पर तुमाला बोलायची घाई लई."

गिरजाला जाऊन चार वर्षं झाली. श्रावणात गेली. ताप आला, सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले उशीर केलात. मी तर ताप आल्या दिवशीच नेलं होतं. तिनं आधी किती दिवस अंगावर काढला, ते मला माहीत नाही. विचारायला आता कुणी नाही.

आमचं घर बागेपासून जवळच, दोन खोल्या अन् पुढं थोडं अंगण. अंगणात पेरूचं झाड. ते गिरजानं लावलं होतं. लावलं म्हणजे कुठलं तरी बी पडून रोप आलं, ते तिनं उपटलं नाही, पाणी घालून मोठं केलं. कलम नाही, काही नाही. मी एकदा म्हटलं, बागेतनं चांगलं कलम आणून लावतो, हे काढून टाक. ती म्हणाली, "तुमची बाग तुमच्यापाशी ठिवा. ह्ये माझं हाय."

आता हे ऐकायला विचित्र वाटेल, पण त्या झाडाचं फळ मी तिच्या हयातीत खाल्लं नाही. हलवाई घरी पेढा खात नाही तसंच. दिवसभर फोडी चाखून तोंड आंबायचं, जीभ खरखरीत व्हायची. संध्याकाळी ताटलीत पेरू चिरून ठेवला की मला बघवायचं नाही. ती म्हणायची, "एक फोड घ्या की." मी म्हणायचो, "अगं, मला भाकरी दे." मग ती स्वतः खायची, शेजारी वाटायची. निवृत्त झाल्यावरही तशीच सवय राहिली. पेरू म्हटला की काम आठवायचं.

ती गेली त्या हिवाळ्यात झाड लगडलं. वाटायला कुणी नव्हतं. फळं पिकून खाली पडायची, अंगणात वास सुटायचा. शेजारच्या काशीबाई कुंपणावरून म्हणाल्या, "आप्पा, वहिनी असत्या तर टोपलं भरून दिलं असतं. औंदा आमाला न्हाय व्हय?" मी काढून दिले. एक स्वतः पुसून खाल्ला.

मी आयुष्यभर पेरू खाल्लेत. तसा पेरू मी खाल्ला नव्हता. गर घट्ट, बी कमी, अन् गोडी अशी की गिळल्यावरही जिभेवर राहते. मी अंगणात उभा राहून दुसरा खाल्ला, तिसरा खाल्ला. मग मला रडू आलं. हे माझ्या दारात होतं अन् मी भाकरी मागत होतो.

बागेत आता नवीन मॅडम आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. जुन्या माणसांना मान देतात. मी पिशवी भरून फळं घेऊन गेलो. सालीवर भोकं नाहीत बघून घ्या, असंही सांगितलं. मॅडमनी नळकांड्यातून बघितलं अन् भुवया वर गेल्या.

"काका, हे झाड कुठलंय?"

"माझ्या दारातलं. हिनं लावलेलं."

"पहिल्यापासून असंच गोड आहे?"

मी म्हटलं, "व्हय. पहिल्यापासून."

मला माहीत काय होतं? काही नाही. पण खोटं बोलतोय असं तेव्हा वाटलं नाही. झाड तिचं, म्हणजे गोडच असणार, एवढंच डोक्यात.

मॅडम घरी आल्या, झाड बघितलं, चारी अंगांनी फळं काढली. उन्हाळ्याच्या तोंडाला काड्या घेतल्या. कलमं मी बांधली. निवृत्त माणसाला काम देत नाहीत, पण मॅडमनी बांधू दिली. सगळी जगली. बांधताना मी विचारलं, "मॅडम, हे पास झालं तर नाव काय लागंल?"

"ते समिती ठरवते काका."

"गिरजा लागंल का?"

त्या म्हणाल्या, "बघू. आधी फळ तर येऊ दे."

त्यांचं 'आधी फळ येऊ दे' मी ऐकलंच नाही. 'बघू' तेवढं ऐकलं. गल्लीत सगळ्यांना सांगितलं. मुलगी सुनंदा पुण्याला असते, तिला फोन करून सांगितलं, की तुझ्या आईच्या नावाचा पेरू निघणार. गिरजाचं नाव कशावर नव्हतं. घर माझ्या नावावर, लाइट बिल माझ्या नावावर, रोजंदारीच्या हजेरीवर ती 'माळ्याची बायको'. माझ्या मनात एकच चित्र, की रोपवाटिकेत कुणी अनोळखी शेतकरी येईल अन् म्हणेल, "शंभर गिरजा द्या."

अंगणातलं झाड दुसऱ्या वर्षी जरा मलूल दिसायला लागलं. पानं पिवळी पडली, शेंड्याकडच्या दोन फांद्या वाळल्या. बुडातून धुमारे मात्र सारखे फुटत होते. धुमारे म्हणजे नको तिथून येणारे कोंब. ते मी कापून अंगण स्वच्छ ठेवत होतो. गोडी तर आणखीच वाढली होती. मी म्हटलं, झाडाचं वय झालं. माझंही झालं.

मग कलमांना फळ आलं. मॅडमनी मला चाखायला बोलावलं नाही, तेव्हाच मी समजायला पाहिजे होतं. मी आपणहून गेलो. ओळीत उभा राहून एक तोडून खाल्ला. पाणचट, मऊ, बिया भरपूर. दुसऱ्या कलमाचा खाल्ला. तोच. तिसऱ्याचा खाल्ला नाही.

मॅडम म्हणाल्या, "काका, मी उद्या घरी येते. झाड परत बघू."

त्यांच्या जागी मी असतो तर मोकळा झालो असतो, मोरीचा गुण म्हणून. त्या आल्या. झाडाभोवती फिरल्या, माती हातात घेऊन बघितली. न्हाणीचं पाणी तिकडं जात नाही, उकिरडा नाही. मग त्यांचा हात खोडावर गेला. झाडापासून भिंतीच्या खुंटीपर्यंत कपडे वाळत घालायची तार आहे. तार जिथं खोडाला गुंडाळली तिथं अंजिरी रंगाच्या लुगड्याची पट्टी बांधलेली, जाड, दोनतीन वेढे. तारेच्या टोकाला कपडे अडकून फाटू नयेत म्हणून गिरजानं वरून बांधली होती.

मॅडम म्हणाल्या, "हे फडकं सोडू?"

मी म्हटलं, "ऱ्हाऊ द्या. तिनं बांधलंय."

त्यांनी हात काढून घेतला. ती गेल्यापासून मीही त्या पट्टीला हात लावला नव्हता. तिची भांडी जिथं होती तिथं होती, देवळीतली फणी तशीच होती अन् झाडावरची पट्टी तशीच होती.

मॅडम म्हणाल्या, "तार कधीची आहे?" मला सांगता येईना. मी सुनंदाला फोन लावला अन् मोठ्या आवाजावर ठेवला.

ती म्हणाली, "आप्पा, मी धाकट्याच्या बाळंतपणाला आले होते न्हाय का, बाळुत्यांना जागा पुरंना म्हनून आईनं बांधली. त्याला आता धा वर्सं झाली. का वो?"

मॅडमनी विचारलं, "ताई, लहानपणी तुम्ही ह्या झाडाचे पेरू खायचात? कसे होते?"

सुनंदा हसली. "कसले वो मॅडम! पानी नुसतं. आई मीठ-तिखट लावून हातात द्यायची अन् आमी तिची पाठ फिरली की कुंपनापल्याड टाकायचो. आप्पांनी सांगितलं न्हाय का तुमाला?"

आप्पांनी काय सांगायचं? आप्पांनी खाल्ला कुठं होता?

फोन ठेवल्यावर मॅडम माझ्याकडं बघेनात. म्हणाल्या, "काका, तुम्हीच सोडा."

मी पट्टी सोडली. गाठ सुटेना, कातरीनं कापली. खाली तार दिसलीच नाही. खोडात पार रुतलेली. सुजलेल्या बोटात अंगठी रुतते तशी. वरून साल ओघळून आली होती. तारेच्या वरचं खोड फुगलेलं, खालचं बारीक. पट्टी नसती तर रस्त्यानं जाणाऱ्यालाही दिसलं असतं.

बाहेरच्या माणसाला सांगतो. झाडाचं अन्न पानात तयार होतं अन् सालीतून खाली मुळाला जातं. साल आवळली की अन्न खाली उतरत नाही, वरच अडतं. मग ते फळात जातं. फळ गोड होतं, घट्ट होतं. मुळं उपाशी राहतात. मुळं मरायला वर्षं लागतात, तोवर वरून फळ अधिकाधिक गोड. बुडातले धुमारे म्हणजे झाडाची धडपड, अन्न मिळवायची. ते मी कापत होतो. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्याच्या दारात असतं तर मी झाडाला हात लावायच्या आधी सांगितलं असतं.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "गुण झाडाचा नाही काका."

मी म्हटलं, "व्हय. तारंचा हाय."

मग त्याच म्हणाल्या, "तार राहिली तर एक-दोन बहार अजून असेच गोड येतील. मग झाड जाईल. तार काढली तर जगेल कदाचित. पण फळ—"

"कलमाला आलं तसं."

"हो."

त्या गेल्यावर मी बाजेवर बसून राहिलो. नाव गेलं, त्याचं एक झालं. समितीनं नाही म्हटलं असतं तर समितीला शिव्या दिल्या असत्या. इथं शिव्या द्यायला कुणी नव्हतं. पण गोडी अजून झाडावर होती. तिच्या हातचं म्हणून माझ्याकडं तेवढंच राहिलं होतं, अन् तेही मी तीनच हिवाळे खाल्लं होतं. अजून दोन मिळाले तर मला तरी किती दिवस राहिलेत? झाड अन् मी बरोबरच जाऊ, असंही डोक्यात आलं.

संध्याकाळी सुनंदाचा परत फोन आला. मॅडमनी तिला सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, "मी म्हंतो ऱ्हाऊ द्यावं दोन वर्सं."

ती म्हणाली, "का? गोड लागतंय म्हनून?"

"तुझ्या आईचं हाय म्हनून."

"आप्पा, आईनं झाड लावलं. गळा आवळायला न्हाय लावलं. ती असती तर तुमच्या हातात पक्कड दिली असती अन् वर चार शब्द सुनावले असते."

तिचं बोलणं तिच्या आईसारखंच आहे, तोंडावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तार कापली. जेवढी निघाली तेवढी काढली, आतली राहू दिली, ओढली असती तर साल आली असती. बुडाशी मी कापायचे राहून गेलेले दोन धुमारे होते. ते वर वळवले, शेंडे तासले अन् जखमेच्या वरच्या सालीत खोचून पट्टीनं बांधले. म्हणजे जखमेला वळसा घालून अन्नाला खाली उतरायला वाट. मॅडम आल्या होत्या, त्यांनी पट्टीचं टोक धरलं. एक धुमारा वाळला. एक लागला.

बागेतली कलमं काढून टाकली. नापास ओळ काढायची, जागा मोकळी करायची, हा नियमच आहे. अशा किती ओळी मी स्वतः उपटल्यात. मॅडम म्हणाल्या, "एखादं घेऊन जाता का काका?" मी म्हटलं, "नको. दारात हाय की."

शुक्रवार पेठेतल्या बाईंकडं मी मध्यंतरी गेलो होतो. काय बोलायचं ते ठरवून गेलो नव्हतो. घराला कुलूप होतं. शेजारी म्हणाले, बाई गेल्या, घर विकायचंय. कुंपणावरून बघितलं, झाड आहे.

तार नाही, त्यामुळं आता माझे कपडे बाजेवर वाळतात. एका माणसाचे असतात किती.

झाडानं जीव धरला. पानं हिरवी झाली, वाळक्या फांद्या मी छाटल्या तिथं नवीन फुटवे आले. गेल्या हिवाळ्यात फळं लागली, भरपूर. काशीबाई पहिल्या दिवशी घेऊन गेल्या, मग मागायला आल्या नाहीत. मीही विचारलं नाही.

संक्रांतीला सुनंदा आली. अंगणात गेली, एक पेरू तोडला, पदराला पुसला अन् चावला. चावता चावता थांबली.

म्हणाली, "आप्पा, ह्योच की वो. हीच चव."

मग हसायला लागली, अन् हसता हसता तिचे डोळे भरले. अर्धा पेरू तिनं कट्ट्यावर ठेवला, लहानपणी टाकायची तसाच, अन् आत चुलीकडं गेली. मी तो उचलला अन् खाल्ला. पाणचट होता. बिया दातात अडकल्या. सगळा खाल्ला.